पिस्तूल कुठलं घ्यावं?

परवा टेक्सासहून मित्राचा फोन आला. होस्टेलातला माझा रूम पार्टनर, आता तिथला नागरिकच झालाय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तू इंजिनियर माणूस, मला एक सांग. पंचेचाळीस घेऊ की नाइन एमएम?"

मला आधी काही कळेचना. मग उलगडा झाला. स्वारीला पिस्तूल घ्यायचं होतं! तेही कपाटात ठेवायला नाही, रोज शर्टाखाली कमरेला लावून हिंडायला. टेक्सासमध्ये 2021 पासून त्यासाठी वेगळा परवानाही लागत नाही.

आता प्रश्न विचारलाच आहे म्हटल्यावर आमच्यातला इंजिनियर जागा झाला. पंचेचाळीस म्हणजे 0.45 इंच, साधारण साडेअकरा मिलिमीटर व्यासाची गोळी. वजन 15 ग्रॅम, वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या थोडा वर. नाइन एमएमची गोळी 8 ग्रॅमची, पण वेग साडेतीनशेच्या आसपास. गणित मांडलं तर दोघींची ऊर्जा जवळजवळ सारखीच येते! संवेग मात्र पंचेचाळीसचा तिसऱ्या हिश्श्याने जास्त, म्हणजे हाताला बसणारा धक्काही जास्त. वर काडतूस जाडजूड, त्यामुळे तेवढ्याच मुठीत काडतुसं कमी मावतात. अमेरिकेच्या एफबीआयनेही मधली काही वर्षं मोठ्या काडतुसांच्या मागे लागून शेवटी नाइन एमएमच पुन्हा जवळ केलं. मी त्याला हे सगळं सांगितलं.

"बरं, तुझ्याकडे कुठलं आहे?" त्याने विचारलं.

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचेना. कारण एके काळी खिशात काहीतरी असावं असं मलाही फार वाटलं होतं.

मी पीएचडीसाठी ग्लासगोला आलो 2013 च्या सप्टेंबरात. नोव्हेंबरात एका रात्री लॅबमधून घरी परतताना दोन पोरांनी अडवलं. एकाच्या हातात स्वयंपाकघरातली सुरी. पाकीट गेलं, लॅपटॉप गेला. मला खरचटलंसुद्धा नाही, पण पुढे कित्येक दिवस मागे पावलं वाजली की छातीत धस्स व्हायचं. नाताळात पुण्याला गेलो तेव्हा आईला हे सांगायची चूक केली. परत निघताना मेतकूट आणि लसणाच्या चटणीबरोबर तिने पेपर स्प्रेची एक डबी बॅगेत सारली. आपल्याकडे त्याला परवाना वगैरे काही लागत नाही. ती डबी मी तीन आठवडे कोटाच्या खिशात घालून ऐटीत हिंडत होतो.

एके दिवशी लॅबमध्ये किल्ल्या शोधताना खिसा टेबलावर रिकामा केला. आमच्या लॅबचे तंत्रज्ञ, साठीला टेकलेले गृहस्थ, शेजारीच उभे होते. डबी बघून त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "हे काय आहे ठाऊक आहे? कायद्याने ही बंदूक आहे!"

मंडळी, मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. 1968 च्या इथल्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम निषिद्ध शस्त्रांचं. अंगावर घातक द्रव किंवा वायू सोडणारं साधन त्यातच येतं आणि पिस्तूलही त्यातच. शिक्षेत फरक आहे, पिस्तूल सापडलं तर एरवी किमान पाच वर्षं आत, पण कलम तेच! माझ्या डोळ्यांपुढे माझा विद्यार्थी व्हिसा तरळला. गृहस्थांनी मला गाडीत घातलं आणि पोलीस चौकीवर नेलं. तिथल्या बाईंनी डबी ठेवून घेतली, नाव लिहिलं, चार शब्द सुनावले आणि सोडलं. मी घामाने भिजलो होतो.

परत येताना गाडीत ते त्यांची हकिगत सांगू लागले. त्यांचं घर डनब्लेनहून वीस मिनिटांवर. 13 मार्च 1996 ला त्या गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने 16 मुलं आणि त्यांची शिक्षिका यांना गोळ्या घालून मारलं. टेनिसपटू अँडी मरे तेव्हा त्याच शाळेत होता. मारेकऱ्याकडे चार हत्यारं होती, दोन पिस्तुलं आणि दोन रिव्हॉल्व्हर. चारही परवान्याची.

त्यानंतर पिस्तुलबंदीसाठी झालेल्या अर्जावर सात लाखांवर सह्या पडल्या. त्या दिवसांत उमलणाऱ्या पांढऱ्या फुलाचं, स्नोड्रॉपचं, नाव त्या मोहिमेला दिलं होतं. 1997 साली मेजर यांच्या सरकारने .22 पेक्षा मोठ्या सगळ्या पिस्तुलांवर बंदी आणली आणि त्याच वर्षी ब्लेअर यांच्या सरकारने .22 वरही. लोकांनी सुमारे 1,62,000 पिस्तुलं जमा केली, सरकारने भरपाई दिली.

आमचे गृहस्थ नेमबाजी क्लबाचे सभासद होते. पहिल्या कायद्यात त्यांचं मोठं पिस्तूल गेलं, दुसऱ्यात धाकटं. मी विचारलं, "राग नाही आला?"

"अजूनही येतो कधी कधी," ते म्हणाले. "मी काय केलं होतं? पण त्या माणसाने जो फॉर्म भरला होता, तसाच मीही भरला होता. पोलिसांनी आम्हा दोघांनाही हो म्हटलं होतं. आता परत मागावंसं वाटत नाही."

त्याच वर्षी जुलैत ग्लासगोला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. नेमबाजी डंडीजवळच्या बॅरी बडनला होती, बाहेरच्या नेमबाजांना पिस्तुलांची खास सरकारी परवानगी काढून. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक पटकावलं! मी हरखून गृहस्थांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. पदकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिचं मनगट बघत होते. "छान," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. तिच्या हातातलं पिस्तूल .22 चंच होतं.

बंदीने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. 2010 मध्ये कंब्रियात आणि 2021 मध्ये प्लिमथमध्ये परवान्याच्याच इतर बंदुकांनी माणसं मारली गेली. सुऱ्या तर आहेतच, मला त्याचा अनुभव आहे. आणि या देशात मित्राच्या प्रश्नाला अर्थ उरलाय तो फक्त उत्तर आयर्लंडमध्ये. ही बंदी तिथे नाही. जिवाला खरा धोका आहे असं पोलिसांना पटलं तर तिथे स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मिळू शकतं.

पण त्या नोव्हेंबरच्या रात्रीचा हिशेब मी पुष्कळदा मांडलाय. अंगात तीन थर, वर गळ्यापर्यंत चेन लावलेला कोट, हातात मोजे, पोरं दोन हातांवर. पंचेचाळीस असो की नाइन एमएम, ते बाहेर काढेपर्यंत सुरी पोचली असती. आणि मला दुकानात पिस्तूल मिळालं असतं, तर त्या पोरांनाही कुठून तरी मिळालंच असतं. मग पाकिटावर भागलं असतं का?

हे सगळं मी मित्राला सांगितलं नाही. त्याचं गाव वेगळं, तिथली भीती वेगळी. तो जे घेईल ते घेवो.

"सांग ना, कुठलं आहे?" त्याने तेव्हा पुन्हा विचारलं होतं.

माझ्याकडे शिट्टी आहे. डबी जमा केल्याचं कळल्यावर आईने पुढच्या पार्सलात पाठवली, तुळशीबागेतली, पितळेची. तेव्हापासून किल्ल्यांना अडकवलेली आहे. अजून एकदाही वाजवायची वेळ आलेली नाही.