ओव्हर संपते तेवढ्यात

भोर-वेल्ह्याच्या बाजूला सपाट जमीन मागून मिळत नाही. जिथं चार गुंठे सपाटी आहे तिथं भात उभा असतो, बाकी सगळा चढ नाहीतर उतार. त्यामुळे आमच्याकडचा क्रिकेटचा मोसम कुठल्या बोर्डानं ठरवलेला नाही, भातानं ठरवला आहे. इंद्रायणी कापून-झोडून झाली, पेंढा घरी पोचला, की मोठ्यातलं मोठं खाचर हेरायचं, मधला बांध काढायला मालकाची मनधरणी करायची, ढेकळं बडवायची, पाणी मारून जमीन चोपायची. दिवाळीनंतर महिन्याभरात त्याच जागी फक्कीची सीमारेषा, पताका, मंडप आणि दोन डोंगर पलीकडे ऐकू जाणारा समालोचक. उन्हाळा चढला की भाटघरचं पाणी मागं सरकतं आणि धरणाच्या पोटातली गाळाची जमीन मोकळी होते. पाण्याखालचं कांबरेश्वराचं देऊळ तेव्हा उघडं पडतं, माणसं दर्शनाला जातात. पोरं मात्र काठाकाठानं स्टंप ठोकायला जागा शोधत असतात. जूनमध्ये पाऊस आला की पुढचे चार महिने मैदानच शिल्लक राहत नाही.

या मैदानांवर मी खेळत नाही. समालोचकाच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर वही घेऊन बसलेला एक माणूस असतो, ज्याला येणारा-जाणारा फक्त ‘ए, किती झाले?’ एवढंच विचारतो, तो मी.

आठवडाभर मी भोरमधल्या एका पतसंस्थेत असतो. पिग्मी एजंटांनी आणलेली रक्कम मोजून घ्यायची, रोजकीर्द लिहायची, खतावणी करायची आणि कॅश जुळल्याशिवाय उठायचं नाही. शिवाय यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. चालू आहे. १९८९ साली नाशिकला सुरू झालेल्या या विद्यापीठामुळं माझ्यासारख्या किती जणांचं अर्धवट राहिलेलं शिक्षण रुळावर आलं. नोकरीवाल्यांना सोयीचं म्हणून अभ्यासकेंद्रावरचे तास रविवारी, आणि टूर्नामेंटही त्याच कारणानं रविवारी. घरी भात आहे, दोन म्हशी आहेत. आता यात स्कोअर लिहायला, सरासऱ्या काढायला, जुन्या वह्या चाळायला वेळ कधी मिळतो, असं लोक विचारतात. आमचे आप्पा तर सरळ म्हणतात, “त्या आकड्यांनी म्हशीला वैरण पडती व्हय रं?”

छंदासाठी वेळ काढावा, असं सांगणाऱ्यांचा मला थोडा संशयच येतो. काढायला वेळ आधी कुठंतरी शिल्लक असावा लागतो. माझ्याकडे तो कधीच नव्हता. माझ्याकडे फटी होत्या. चेलाडी फाट्यावर वेल्ह्याच्या गाडीची वाट बघताना, कपूरहोळला गाडी बदलताना, म्हशीची धार काढून झाल्यावर दूध डेअरीच्या रांगेत. पाठ करायचं पुस्तक अशा फटीत उघडवत नाही, उघडलं तर डोक्यात शिरत नाही. पण कुणाचा तरी एक भागाकार फटीत बरोबर मावतो. तीनशे बारा भागिले एकोणीस, हे कंडक्टर तिकीट फाडेपर्यंत होतं. आकड्यांचा छंद गरिबाला आणि कामाच्या माणसाला परवडतो तो यामुळं. त्याला मैदान लागत नाही, जोडीदार लागत नाही, पावसाची भीती नाही. उलट पावसाळ्यातच तो खरा रंगतो. वेल्ह्याकडे (सरकारदरबारी आता राजगड तालुका, पण एसटीत अजून सगळे वेल्हंच मागतात) आषाढात धुकं उतरलं की तोरणा आहे की नाही असं वाटायला लागतं, लावणी उरकलेली असते, वीज गेलेली असते. मग गेल्या मोसमाची वही उघडायची.

स्कोअर लिहिणं म्हणजे धावा मोजणं असं बघणाऱ्याला वाटतं. धावा तर समालोचकही मोजतो आणि हमखास चुकवतो. वहीत प्रत्येक चेंडू दोनदा लिहायचा असतो, एकदा फलंदाजाच्या ओळीत आणि एकदा गोलंदाजाच्या चौकटीत. निर्धाव चेंडूला टिंब. सहाही टिंबं पडली तर तीन-तीनच्या दोन ओळी रेघेनं जोडून इंग्रजी एम करायचा, ती मेडन. त्यात विकेटही पडलेली असेल तर तीच रेघ उलटी फिरवून डब्ल्यू. टेनिस बॉलच्या सहा-आठ ओव्हरच्या सामन्यात मेडन पडणं म्हणजे नवलच. पडली की गोलंदाज स्वतः मंडपाशी येऊन ‘एम काढला का?’ बघून जातो. डाव संपला की फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, आणि दुसरीकडं गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय, या दोन बेरजा एक आल्या पाहिजेत. याला मी ताळा म्हणतो, कारण पतसंस्थेत दिवसभर तेच करतो. फरक इतकाच की संस्थेत ताळा जुळला नाही तर पोटात गोळा येतो, आणि इथं दोन्ही बेरजा त्रेसष्टावर येऊन टेकल्या की दोन सामन्यांच्या मध्ये मिळणारा वडापाव जास्त चवदार लागतो.

आकडे असतात पण सगळं सांगत नाहीत, याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं आहे. डिसेंबर १९४८, पुणे. रणजी सामन्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमन यांचा ४५२ नाबादचा विश्वविक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६. खेळ विश्रांतीसाठी थांबला आणि काठियावाडचा कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढं खेळायलाच नकार दिला. संघ घेऊन ते मैदान सोडून गेले. धावफलकावर उरलं ते ‘नाबाद ४४३’. त्या आकड्याकडं कितीही वेळ बघा, त्यात रुसलेला कर्णधार दिसत नाही. मला गंमत वाटते ती सालाची. याच १९४८ च्या मार्चमध्ये आमचं भोर संस्थान विलीन झालं, पंतसचिवांचं राज्य संपलं. काठियावाडातलीही संस्थानं त्याच वर्षी गेली होती. राज्य गेलं तरी सामना थांबवण्याइतका अधिकार एका संस्थानिकाकडं शिल्लक होता! आणि याच वर्षी ऑगस्टमध्ये, ओव्हलवर, ब्रॅडमन कसोटीतल्या शेवटच्या डावात शून्यावर गेले. चार धावा झाल्या असत्या तर कसोटी सरासरी शंभर झाली असती, ती ९९.९४ वर राहिली. एकाचे चार राहिले, एकाचे दहा. ब्रॅडमनचे चार जगाला पाठ आहेत. निंबाळकरांना पुढं एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही, आणि त्यांचे दहा पुण्यातल्या पोरांनासुद्धा सांगावे लागतात. प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या आजही तीच आहे.

त्याच मोसमात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा. एका प्रथम श्रेणी सामन्यात इतक्या धावा जगात परत कधी झाल्या नाहीत. मुंबई ३५४ धावांनी जिंकली, ते ठीकच. मी मात्र दरवेळी त्या स्कोअररचा विचार करतो. सात दिवस, पेन्सिल, खोडरबर आणि चारही डावांचा ताळा. त्याचं नाव कोण सांगेल?

कामातून छंद आणि छंदातून काम, याची चांगली माणसं आपल्याकडं होऊन गेली. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या एस.पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि पन्नाशी उलटल्यावर, १९४४-४५ च्या मोसमात, रणजीच्या एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतकं ठोकून गेले. त्यांची बरोबरी सांगायचा उद्देश नाही. एवढंच की वर्ग आणि मैदान यांचं भांडण असतंच असं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर वहीनं मला सांख्यिकी शिकवली. मध्य, मध्यक, बहुलक आणि प्रमाण विचलन ही चौकडी पुस्तकात अडून बसली होती. मग आमच्याकडचा एक डावखुरा घेतला. त्याचे पाच डाव: ०, २, ४१, ०, ३. सरासरी ९.२. या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी त्याला संघात घेतलं तर फसणार, कारण नऊ-दहा धावा त्यानं कधी काढलेल्याच नाहीत. चढत्या क्रमानं मांडा, ०, ०, २, ३, ४१; मधला आकडा २. हा मध्यक. गावातल्या कुणालाही हे कागदाशिवाय माहीत असतं. “त्याचा एखादा दिस लागतो, तवा लागतो,” असं पारावर म्हणतात ना, त्यातलं ‘एखादा’ म्हणजे मध्यक आणि ‘तवा’ म्हणजे प्रमाण विचलन. परीक्षेत असं लिहिता येत नाही, पण समजलं होतं ते असंच.

आता मोबाइलवर स्कोअर भरायची अ‍ॅप आली आहेत. बोट लावलं की बेरीज होते, ताळा आपोआप, सामना यूट्यूबवर थेट. मला त्याचा राग नाही, कारण अ‍ॅप बेरीज चुकत नाही आणि पोराला आपली कारकीर्द खिशात बघायला मिळते. पण वेल्ह्याच्या आतल्या गावांत रेंज येते-जाते, आणि अ‍ॅपला समास नाही. माझ्या वह्यांच्या समासात असतं: ‘चेंडू विहिरीत, खेळ थांबला’, ‘पंच मुलाकडचा मामा’, ‘याची नाईट शिफ्ट झालेली, शिरवळवरून थेट मैदानात’. ती शेवटची नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शिरवळच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून आलेली पोरं पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत होतात, आणि नुसता आकडा त्यांना वाईट फलंदाज ठरवून मोकळा होतो.

आप्पांना मी उत्तर दिलेलं नाही. वैरण पडत नाही, हे खरंच आहे. मात्र आमच्या खोऱ्यात दरसाल इतके चषक होतात, इतकी माणसं खेळतात, आणि पाच वर्षांमागचा विजेता कोण हे विचारलं तर तीन गावं तीन नावं सांगतात. ट्रॉफीवरचं स्टिकर पहिल्या पावसाळ्यात सुटतं.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या गावच्या मंडळाच्या पेटीत, शाळेच्या कपाटात किंवा माळ्यावर जुन्या स्कोअरच्या वह्या असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नका. पहिल्या पानावर गावाचं नाव आणि साल लिहून ठेवा, आणि आठवत असेल तर वही लिहिणाऱ्याचंही.