अर्धवट ठेवलेले खेळ

आम्ही पेशाने मास्तर. प्रस्तावना, हेतुकथन, विषय-विवेचन, उपयोजन आणि शेवटी गृहपाठ, एवढ्या पायऱ्या चढल्याशिवाय पाठ पुरा होत नाही, हे बी.एड.च्या वर्षात आमच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळे अधुऱ्या गोष्टीकडे मास्तरलोक जरा संशयानेच बघतात. आमच्या घरचेही तसेच. भाच्याच्या मोबाईलवर सात गेम आहेत आणि त्यातला एकही त्याने शेवटापर्यंत नेलेला नाही, याची आपाला काळजी लागली आहे. "आज खेळ अधुरा सोडतोय, उद्या शाळा सोडेल. तू मास्तर आहेस, समजाव त्याला," असं ती म्हणाली.

समजावण्याआधी आम्हांला आमचंच बालपण आठवलं. तेव्हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरोघरी येऊ लागला होता. असली यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं. आपल्याकडे यायची ती त्याची स्वस्त नक्कल. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला आणि आत तेच दहा-बारा खेळ फिरून फिरून. त्यातला राजा म्हणजे १९८५ सालचा सुपर मारिओ. आठ दुनिया, प्रत्येकीत चार टप्पे, म्हणजे एकूण ३२. सुरुवातीला हाती तीन लाईफ. एकेक किल्ला सर करत जावं, तर सातही वेळा निरोप मिळायचा की राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे!

आमची वांगणी जव्हार-मोखाड्याकडची; बदलापूरच्या पुढची, रेल्वे स्टेशनवाली नव्हे. आम्ही पाचव्या दुनियेत पोहोचावं आणि वीज जावी, हे ठरलेलं. त्या खेळात जागा राखून ठेवायची सोय नव्हती. वीज आली की पुन्हा पहिल्या दुनियेचा पहिला टप्पा. ती राजकन्या आम्ही आजतागायत पाहिलेली नाही. पण पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून चालत गेलं की थेट चौथ्या दुनियेत उतरता येतं, हे आम्ही शोधलं आणि धाकट्या भावांना शिकवलं. खेळ अधुरा राहिला म्हणून आमचं काही कमी झालं, असं आम्हांला वाटत नाही.

पुढे वाचनात आलं की, १९८७ साली अमेरिकेत निघालेल्या 'द लिजेंड ऑफ झेल्डा' या खेळाच्या कॅसेटमध्ये एक छोटा सेल बसवलेला होता. यंत्र बंद केलं तरी तुम्ही कुठवर आलात हे त्या सेलच्या जोरावर कॅसेटला आठवत राही. गोष्ट लहान, पण तिने अधुरं सोडण्याचा अर्थच बदलला. आता सोडणं म्हणजे गमावणं नव्हतं. पुस्तकात खूण घालून ते मिटण्यासारखं होतं.

आजच्या खेळांची तऱ्हा निराळी. मारिओला शेवट होता, आम्ही तिथवर गेलो नाही एवढंच. मोबाईलवरच्या बहुतेक खेळांना शेवटच नाही. २०१२ साली आलेल्या कँडी क्रशमध्ये पाच लाईफ संपल्या की अर्ध्या तासाला एक, अशा परत मिळतात आणि नवे टप्पे कंपनी वाढवतच असते. विटा रचायच्या टेट्रिसचंही तसंच. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका १३ वर्षांच्या मुलाने डिसेंबर २०२३ मध्ये निन्टेन्डोवरचा टेट्रिस १५७ व्या पातळीपर्यंत नेला, तेव्हा तो खेळच गोठला. खेळ संपला नाही, यंत्र थकलं! असे खेळ मधेच ठेवून देणं, हाच त्यांचा शेवट.

आम्ही भाच्याला विचारलं, "का सोडलास रे?" तो म्हणाला, "मामू, आता त्यात नवीन काहीच नाही. तेच तेच करायला लावतात, मग पैसे मागतात." अकरा वर्षांच्या मुलाकडून याहून शहाणं उत्तर कोणत्या मास्तराला हवं? आपाला आम्ही सांगितलं, ज्या खेळातून त्याला उठताच येत नाही, त्याची काळजी कर. जे तो स्वतःहून बाजूला ठेवतो, त्यांची करू नकोस.

पण तिचं शाळेबद्दलचं वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं लेकराबाळांसह वीटभट्ट्यांवर निघतात. आम्ही ज्या भिवंडीत उर्दू शाळेत शिकवतो, तिथल्या भट्ट्यांवरही येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांनी शाळा सोडलेली नसते, ती त्यांच्या हातून काढून घेतलेली असते. आपल्या समाजाचं चित्र २००६ च्या सच्चर अहवालाने दाखवलंच आहे. ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, किंवा मधेच गळाली होती. स्वखुशीने ठेवून देणं वेगळं आणि वीज गेल्यासारखं अचानक बंद पडणं वेगळं.

म्हणून तो छोटा सेल महत्त्वाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तो आहे. कलम ४ प्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं शिकवून घ्यायचं. कलम ५ प्रमाणे शाळा बदलणाऱ्याला दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. कायद्याने खूण घालून ठेवली आहे. ते पान उघडून देणं आम्हां मास्तरांच्या हातात आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सातवीतली एक मुलगी दिवाळीनंतर दिसेना. बापाचा यंत्रमाग बंद पडला आणि घरच गावी गेलं. फेब्रुवारीत ती परत आली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. हजेरीपटावर तिचं नाव होतं, बाकावर तिची जागा होती. तिने दप्तरातून जुनीच वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर ऑक्टोबरची तारीख होती. त्याच पानाखाली आम्ही तिला त्या दिवसाची तारीख घालायला सांगितली आणि पुढचा धडा सुरू केला.