सक्करदऱ्याहून ब्रिस्टलला

सक्करदरा, नागपूर
२ नोव्हेंबर

प्रिय सुनंदा,

आर्नोस व्हेलच्या दफनभूमीचे फोटो मिळाले. सुनेला दाखवले तर ती म्हणाली, "आई, मावशी बागेत गेल्या होत्या की स्मशानात?" म्हटलं, दोन्हीकडे. तिला ते पटलं नाही. चढावरची एवढी झाडी, वेलींनी गिळलेले देवदूत, बाकावर डबा उघडून बसलेली माणसं, आणि मागे सगळ्या कबरी! आपल्याकडे स्मशानातून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकू देत नाहीत, अन् तुमच्याकडे तिथे चहाचं दुकान.

त्या आर्नोस व्हेलमध्ये राजा राममोहन राय आहेत एवढं वाचून माहीत होतं. पण त्यांच्या कबरीवरची छत्री अशी काशीच्या घाटावरून उचलून नेल्यासारखी दिसत असेल असं वाटलं नव्हतं. १८३३ मध्ये ते ब्रिस्टलला वारले. आधी त्यांना स्टेपलटनच्या एका बंगल्याच्या आवारात पुरलं होतं. दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांनी, म्हणजे रवींद्रनाथांच्या आजोबांनी, तिथून हलवून इथे आणलं आणि वर ही छत्री बांधवली. आराखडा विल्यम प्रिन्सेपचा.

तू विचारलंस, असली दफनभूमी गावाबाहेर बागेसारखी करायची कल्पना निघाली कुठून? गरजेतून, बाई. चर्चच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरत गेले, शेवटी जागाच उरेना. त्यात १८३१-३२ चा कॉलरा. पॅरिसने १८०४ मध्येच पेर लाशेझ उघडून वाट दाखवली होती. बॉस्टनजवळ १८३१ मध्ये माउंट ऑबर्न झालं, लंडनला १८३३ मध्ये केन्सल ग्रीन, तुमचं आर्नोस व्हेल १८३९ मध्ये. बहुतेक ठिकाणी भागभांडवलाच्या कंपन्या होत्या, धंदाच तो. पण तेव्हा शहरात सार्वजनिक बागा फारशा नव्हत्या, म्हणून लोक रविवारी नटूनथटून कबरस्तानात फिरायला जात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आधी ही दफनोद्यानं झाली, हे लक्षात घे.

आता आपल्याकडे असं काही आहे का, या प्रश्नाकडे येते. तसं आखीव-रेखीव बघायचं तर मुंबईला शिवडीला जायला हवं. १८६० च्या दशकात, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर होता तेव्हा, ते सुरू झालं. त्या जागेवर आधी चक्क वनस्पती उद्यान होतं. ते भायखळ्याला हललं, म्हणजे आपली राणीची बाग. व्हीटी स्टेशन बांधणारा स्टीव्हन्स शिवडीलाच आहे, गेटवे ऑफ इंडियावाला विटेटही तिथेच, आणि लोकमान्यांचे साथी काका बॅप्टिस्टाही. मुंबईची निम्मी ओळख ज्यांनी उभी केली ती माणसं एका भिंतीच्या आत आहेत.

नागपूरचं तसं नाही. इथे गोऱ्यांच्या कबरी विखुरलेल्या आहेत, आणि त्यांची गोष्ट लढाईपासून सुरू होते. तुला शाळेत सीताबर्डीची लढाई होती, आठवते का? २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपली. अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य एकीकडे, रेसिडेंट जेन्किन्सची पलटण टेकड्यांवर. पुढे १६ डिसेंबरला दुसरा सामना झाला, आणि तेव्हा भोसल्यांच्या फौजेचा तळ होता आपल्या सक्करदऱ्याकडे. आज जिथे बुधवारचा बाजार भरतो, ऑटोवाले भाड्यावरून हुज्जत घालतात, त्या बाजूला तोफा होत्या. इथे त्याची एक खूण नाही. मेलेल्या इंग्रजांच्या कबरी मात्र सीताबर्डीच्या किल्ल्यात आहेत. आपल्या बाजूने जे पडले त्यांची नावं कोणी दगडावर कोरली? राजे लोकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या समाध्या जुन्या शुक्रवारीत राजघाटावर, काशीबाईच्या देवळाशी आहेत, आणि काय सुरेख नक्षी आहे त्या दगडावर!

त्याच किल्ल्यात आणखी एक कबर आहे, नऊ वार लांब. लोक नवगजअली बाबा म्हणतात. १८५७ च्या उठावानंतर नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना किल्ल्याच्या तटावर फाशी दिलं, ते नऊजण इथे आहेत असं सांगतात. कादर अली टिपू सुलतानाचे नातू होते, असंही म्हणतात. म्हणजे फाशी देणाऱ्यांची माणसं आणि फाशी गेलेली माणसं एकाच टेकडीवर.

मग टाकळी आणि कामठीची कबरस्तानं. कामठीची छावणी १८२१ ची, कन्हानच्या काठावर. पलटणी आल्या, पाठोपाठ मेमसाहेब आल्या, पोरंबाळं झाली आणि भराभर मेलीही. ताप, कॉलरा, आपला मे महिना, बाळंतपण. गोऱ्या माणसाचं इथलं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी एक जुनी म्हण होती. थिऑन विल्किन्सन नावाच्या, कानपुरात जन्मलेल्या माणसाने याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि १९७६ मध्ये दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरस्तानांसाठी एक संस्था काढली. पडक्या कबरींवरचे लेख उतरवून घेऊन वह्या छापायचं काम ती संस्था अजून करते.

हे लेख वाचायची एक रीत आहे, ती तुला सांगते. तुझ्याकडेही उपयोगी पडेल. अर्ध्यात तुटलेला खांब दिसला तर तो पडलेला नसतो, तसाच घडवलेला असतो. माणूस ऐन उमेदीत गेला. कलशावर कापड पांघरलेलं म्हणजे शोक. उलटी मशाल म्हणजे विझलेला जीव. छोटं कोकरू दिसलं की समजायचं, लेकरू आहे. आणि अक्षरं नीट बघ. चांगल्या कबरींवर ती नुसती कोरलेली नसतात. दगडात खाच पाडून, खाचेत बारीक भोकं पाडून, त्यात शिसं ठोकून बसवतात. शिसं भंगारात विकलं जातं, त्यामुळे ते पहिल्यांदा जातं. पण भोकं राहतात. ऊन तिरपं झालं की त्या भोकांच्या रांगेवरून आडनाव लावता येतं, बोट फिरवलं तर आणखी लवकर. लोखंडी कठडे तर कधीच गेलेले असतात. उरलेलं काम पिंपळ करतो.

पण ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो माणूस वेगळाच आहे. तू ज्याच्या नावाच्या कॉलेजात तीन वर्षं काढलीस तो. स्टीफन हिस्लॉप! आपण 'हिस्लॉपला जाते' म्हणायचो, पण हा कोण हे आपल्याला कोणी सांगितलं? १८१७ चा जन्म, म्हणजे सीताबर्डीच्या लढाईच्याच वर्षाचा. गाव स्कॉटलंडच्या सीमेवरचं डन्स. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आला, शाळा काढली. संध्याकाळी फिरायला जायचा तो दगड गोळा करत. टाकळीच्या नि बर्डीच्या काळ्या दगडांच्या थरांमधून त्याने आणि सोबती हंटरने शिंपले, फळं, बिया असे कितीतरी जीवाश्म काढले. लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या काळात इथे गोडं पाणी होतं, तळी होती, हे त्यातून दिसलं. गोंडांची गाणी नि भाषा त्याने टिपून ठेवल्या, त्या पुढे इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापल्या. धर्म शिकवायला आलेला माणूस, पण आपल्या मातीचा एवढा अभ्यास त्याआधी कोणी केला नव्हता, हे कबूल करावंच लागतं.

४ सप्टेंबर १८६३. टेंपलच्या तळाबरोबर तो बोरीकडे गेला होता. जवळ टाकळघाटला दगडांची वर्तुळं आहेत, ती बघायला. ही वर्तुळं म्हणजेही कबरी, लोहयुगातल्या, पंचवीसशे वर्षांहून जुन्या. बाकीचे पुढे निघाले. हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे थांबला आणि अंधार पडता पडता एकटाच घोड्यावरून निघाला. पावसाने नाला फुगलेला. तळावर घोडा आला, स्वार नव्हता. रात्री पाण्यातून त्याला काढलं.

जुन्या कबरी बघून परतताना माणूस जावा, याला काय म्हणावं? पुढचं ऐक. शंभरेक वर्षांनी नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी टाकळघाट आणि माहुरझरीला ही वर्तुळं खणली. लोखंडी हत्यारं निघाली, तांब्याचे दागिने निघाले, आणि मालकाबरोबर पुरलेले घोडे निघाले, तोंडावर तांब्याचा साज चढवलेले. त्या काळी घोडा मालकाच्या सोबत जायचा. हिस्लॉपचा एकटा परत आला.

काटोल रोडवर जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. काही दगडांवर वाटीएवढे, ओळीने पाडलेले खळगे दिसतात. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्याने १८६७ च्या सुमारास ती उकरली आणि लिहून ठेवलं की असेच खळगे स्कॉटलंडच्या दगडांवर आहेत. का केले, हे आजही नक्की सांगता येत नाही. कोणी म्हणतं दिशा दाखवायला. आमच्या पुतण्याच्या दृष्टीने ती डबा पार्टीची जागा. व्हिक्टोरियन लोकांशी तेवढं तरी जमलं आपलं.

आता तू म्हणशील, सक्करदऱ्यात राहून ही कुठल्या मेलेल्या गोऱ्यांच्या मागे लागली? आमचे हेही तेच म्हणतात. "ज्यायनी आपल्याले फाशी देल्ली, त्यायच्या कबरी आपन काहून झाडाच्या?" असं वऱ्हाडीत विचारतात, मुद्दाम. उत्तर घराशेजारीच आहे. मोठ्या ताजबागेत ताजुद्दीन बाबांचा दर्गा आहे. बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा, त्याच छावणीच्या गावातला. पलटणीत नोकरी केली, मग सोळा वर्षं नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात काढली. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी जामीन देऊन सोडवलं आणि सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवून घेतलं. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा गेले. या कबरीवर शंभर वर्षांत फुलं पडली नाहीत असा दिवस नसेल. उरुसाला रस्ता बंद होतो, आमच्या आळीतली लक्ष्मीबाईसुद्धा चादर घेऊन जाते. मराठा राजाने आणलेला मुसलमान फकीर, आणि रांगेत सगळी दुनिया. तिथे कोणी विचारत नाही, ही कोणाची कबर आणि कोणी झाडायची.

यांना मी दुसरंही ऐकवलं. डॉक्टर आनंदीबाई जोशींची रक्षा कुठे आहे? न्यूयॉर्क राज्यात, पोकिप्सीच्या दफनभूमीत, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत. १८८७ मध्ये पुण्याला वारल्या त्या, आणि त्यांचे यजमान गोपाळरावांनी रक्षा तिकडे पाठवली. कार्पेंटरबाईंनी आपल्या माणसांत दगड बसवला. अजून आहे. तुमच्या ब्रिस्टलला राममोहन आहेत. आपली माणसं ते लोक सांभाळतात, तर त्यांची चार पोरंबाळं आपल्याला जड का व्हावीत? कुठलासा सुभेदार-लाट असेल तर राहू दे बाजूला. पण दीड वर्षाचं लेकरू कोणावर राज्य करत होतं? आणि ज्या नोंदी त्या दगडांवर आहेत, कुठल्या साली साथ आली, कुठली पलटण होती, पुलावर काम करणारा कोण होता, त्या नागपूरच्याच आहेत. रंग लावून चौथरे चकाचक करा असं मी म्हणत नाही, उलट तसं करू नयेच. फक्त पिंपळ काढावा, लेख वाचून फोटो काढावे आणि ती यादी इथल्या वाचनालयात ठेवावी. कॉलेजची पोरं एका हिवाळ्यात करतील.

म्हणून तुझ्यावर एक काम सोपवते. आर्नोस व्हेलचीही अशीच दैना झाली होती म्हणे. १९८७ मध्ये मालकाने तिथे बांधकाम करायचं ठरवलं, लोक भांडले, आणि २००३ मध्ये ती जागा ब्रिस्टलच्या नगरपालिकेने ताब्यात घेतली. आता विश्वस्त संस्था चालवते. तू तिथे जातेसच, तर विचारून ये: सुरुवात किती माणसांनी केली, पैसे कुठून आले, आणि दगड साफ करायला ते काय वापरतात, कारण इथे कोणी अ‍ॅसिड ओततील ही मला भीती आहे. सविस्तर लिही, मोघम नको.

आणि येशील तेव्हा जानेवारीत ये. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, लोकांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. मे महिन्यात तुला झेपणार नाही, ऑगस्टमध्ये नाले भरलेले असतात. तिकीट २६ च्या आधीचं काढ.

तुझी,
मालती