डायरीवरचा प्लॉट

आमच्या काकांनी बायपासपलीकडे प्लॉट घेतला तो ‘डायरी’वर. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको: रजिस्ट्री नाही, डायरीच्या पानावर रक्कम नि सही, बस्स! रेराच्या 2016 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. काकांनी निम्मी देऊन टाकली होती. प्लॉट काही मिळेना.

घरं-जमिनींच्या बातम्या करणाऱ्या मुंबईच्या एका पत्रकार बाईंना मी दोन पानी मेल केला. काकांची नोकरी, काकूंचं दुखणं, सगळं लिहिलं. उत्तर नाही. दुसऱ्यांदा पाचच ओळी लिहिल्या: डायरी म्हणजे काय, रक्कम किती, तारीख कोणती. सोबत पानाचा फोटो. संध्याकाळी फोन आला. “डायरी हा प्रकार मला नवीनच आहे. पण एका घरावर बातमी होत नाही. आणखी माणसं शोधा, नावानिशी बोलणारी.”

माणसं होती हो, गणेशोत्सवातच तिघं भेटली. पण बरेचसे पैसे रोख दिलेले, मग नाव छापून कोण घेणार? काकाही म्हणाले, “बाळा, माझं नाव नको हं.”

परवा मात्र त्यांनी आपणहून डायरी आणून माझ्या टेबलावर ठेवली. नावाचं परत विचारायला माझी जीभ अजून रेटत नाहीये.