हत्तीण, जहाज आणि आठवीचा वर्ग

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मार्गेट नावाचं एक समुद्रकाठचं गाव आहे. तिथे रस्त्याच्या कडेला 65 फूट उंचीची हत्तीण उभी आहे. लाकडाची, वरून पत्र्याने मढवलेली. नाव लूसी. तिच्या पायातून जिना चढतो, पोटात खोली आहे आणि पाठीवरच्या अंबारीतून समुद्र दिसतो. 1881 मध्ये जेम्स लॅफर्टी नावाच्या जमीनविक्रेत्याने ती बांधली. गिऱ्हाईकांना वर न्यायचं आणि विकायचे प्लॉट दाखवायचे, एवढाच हेतू. म्हणजे ना राजाचा महाल, ना कुणा संताचं ठिकाण; सरळसरळ जाहिरात!

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. यंदा आठवीला औपचारिक पत्र शिकवताना मी ही हत्तीण वर्गात आणली, त्याला कारण होतं. आमच्या कोकणातल्या गावात शाळेकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक जुनी सबील आहे. परदेशी बोटींवर उमर घालवलेल्या एका खलाशाने ती बांधली, असं बुजुर्ग सांगतात. जांभ्या चिऱ्यांची, पण आकार जहाजाचा. पुढचं टोक निमुळतं, मागे बसायला कट्टा, छपरावर डोलकाठीसारखा खांब. आत पाण्याचे दोन रांजण. बाजारच्या दिवशी खेड्यांतून येणाऱ्या बाया तिथेच टोपली उतरवतात. नव्या माणसाला पत्ता सांगतानाही आम्ही म्हणतो, "जहाजापासून डावीकडे." रस्ता रुंदीकरणात या जहाजावर लाल फुली पडली.

आमच्याकडे लगेच दोन तट पडले. एक म्हणे, रस्ता होऊच द्यायचा नाही. दुसरा म्हणे, आता घरोघरी नळ आहेत, बाटलीबंद पाणी मिळतं, सबील हवी कशाला? माझं मन पहिल्या गटाकडे ओढत होतं. पण त्याच वळणावर रुग्णवाहिका अडकलेली मी स्वतः पाहिली आहे. आत पेशंट आणि बाहेर त्याचा मुलगा हात जोडून गाड्या मागे घ्यायला सांगतोय. त्या मुलाला मी काय सांगणार होते, की आमचं जहाज सुंदर आहे?

लूसीची पुढची हकिकत मला इथे उपयोगी पडली. साठ-सत्तर वर्षांत ती मोडकळीला आली. जागा विकली गेली आणि तिथे नवं बांधकाम ठरलं. 1969 मध्ये गावातल्या काही लोकांनी समिती केली, तेव्हा त्यांच्यापुढे 30 दिवसांची मुदत होती: हत्तीण हलवा, नाहीतर पाडण्याचा खर्च भरा. त्यांनी दारोदार जाऊन वर्गणी गोळा केली. 20 जुलै 1970 रोजी ती अख्खी हत्तीण उचलून सुमारे 300 फुटांवर, गावाच्या मालकीच्या जागेवर नेली. पुढे दुरुस्ती झाली आणि 1976 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. जाहिरातीची हत्तीण इतिहासात जाऊन बसली!

वर्गाला मी विचारलं, "ती वाचली कशामुळे?" कुणी म्हणालं प्रेमामुळे, कुणी पैशांमुळे. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यांनी जागा शोधून ठेवली होती."

तिथून आमच्या पत्राचा मजकूर ठरला. 'पाडू नका' एवढंच लिहून भागणार नव्हतं. कुठे न्यायची, कोण नेणार, खर्च कोण करणार, पाणी कोण भरणार, या चार प्रश्नांची उत्तरं हवी होती. एका म्हाताऱ्या गवंडीचाचांना मुलांनी हाताला धरून नेलं. त्यांनी चिरे ठोकून पाहिले आणि म्हणाले, "प्रत्येक चिऱ्यावर आकडा घाला, फोटो काढा, मग उतरवा. जसाच्या तसा पुन्हा लावून देतो." संस्थेने मैदानाच्या कडेची रस्त्यालगतची पट्टी द्यायचं लेखी कबूल केलं. मोहल्ल्यातल्या बायकांनी वर्गणीची वही सुरू केली. पहिली नोंद भाजीवालीची. रुंदीकरणाचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागवला. तेव्हा कळलं, सबील फक्त अकरा फूट मागे घेतली तरी पुरे.

मुलांनी विनंतीपत्र मराठीत लिहिलं. 'माननीय'मधल्या वेलांटीवर तीन दिवस भांडण चाललं. आवक शिक्का मारून घेतलेली पोच आता वर्गाच्या भिंतीवर आहे. अभियंता येऊन माप घेऊन गेले. निर्णय अजून आलेला नाही आणि तो आमच्या बाजूचाच येईल, असं मी मुलांना सांगितलेलं नाही.

वाचकहो, तुमच्याही गावात असं काही असेल. एखादी विहीर, एखादी पाणपोई, विचित्र आकाराचं एखादं घर. सरकारी यादीत त्याचं नाव नसतं, म्हणून त्याच्या बाजूने उभं राहायलाही कुणी नसतं. फुली पडायची वाट पाहू नका. आजच फोटो काढा, मापं घ्या, बांधणाऱ्याविषयी बुजुर्ग काय सांगतात ते वहीत उतरवा. मुदत मिळते तेव्हा ती फार थोडी असते. आणि त्या मुदतीत रडणाऱ्यापेक्षा नकाशा घेऊन येणाऱ्याचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त असते.

दरम्यान जहाजातले रांजण आठवीची मुलं पाळीपाळीने भरतात. उद्या पाळी तुकडी 'ब'ची आहे.