मी थेंबाच्या बाजूचा होतो

औषध भरलेली कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे मोठ्या शहरांचे चोचले, असं माझं ठाम मत होतं. बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरात मेडिकल दुकान चालवणाऱ्याला दुसरं काय वाटणार? तुरीची रास करताना उडणारी धूळ, मातीत राबलेले हात, आणि अशा हातांनी म्हाताऱ्या माणसानं डोळ्यात लेन्स घालायची? त्यापेक्षा थेंबाची बाटली बरी. ओळखीची, खिशात मावणारी.

मत पालटलं ते थेंबाचाच हिशेब कळल्यावर. बाटलीतून पडणारा थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा, आणि डोळ्यातले अश्रू जेमतेम 7 मायक्रोलिटर. उरलेलं औषध गालावर ओघळतं, नाहीतर नाकाच्या वाटेनं घशात उतरतं. डोळ्याच्या आतपर्यंत पोचतं ते सहसा पाच टक्क्यांहूनही कमी. काचबिंदूवरचं टिमोलॉल असं रक्तात मिसळलं, तर दमेकऱ्याला धाप लागू शकते, नाडी मंदावू शकते. ‘थेंब टाकला की घसा कडू होतो बघ बाबा’, असं दुकानात येणाऱ्या आजीबाई सांगायच्या. ती तक्रार नुसती चवीची नव्हती.

लेन्स औषध धरून ठेवते आणि बुबुळापाशी हळूहळू सोडते. अ‍ॅलर्जीच्या खाजेवरची केटोटिफेनची लेन्स अमेरिकेत 2022 साली मंजूर झाली. एका लेन्समध्ये औषध फक्त 19 मायक्रोग्रॅम. पण ती रोज नवी लागते. मला अधिक ओढ आहे ती त्रिमितीय छपाईची. थरावर थर रचताना त्या-त्या रुग्णाच्या डोळ्याची गोलाई आणि त्याला लागणारी औषधाची मात्रा, दोन्ही साधण्याची सोय तिच्यात आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी टिमोलॉल घातलेली लेन्स छापूनही पाहिली आहे. ते काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

त्याच 2022 मध्ये हैदराबादेत एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी ही जीवशास्त्र संस्था यांनी मिळून माणसाच्या दान केलेल्या नेत्रऊतीपासून पारपटल (कॉर्निया) छापलं आणि सशाच्या डोळ्यात बसवून पाहिलं. हैदराबाद आम्हा बिदरकरांना लांबचं नाही. 1956 पर्यंत आमचं राज्यच ते होतं. जिथं पारपटल छापलं जातं, तिथं काचबिंदूची लेन्सही व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

एक हट्ट मात्र मी सोडलेला नाही. ही लेन्स रुग्णाच्या हाती देऊ नये. नळाचं पाणी लागलं तरी अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग होऊन डोळा जाऊ शकतो. दवाखान्यातच बसवावी, दवाखान्यातच काढावी. पण मग ती रात्रभर डोळ्यातच राहणार, आणि त्यानं जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. संशोधकांनी आधी त्यावर उपाय काढावा, मगच ती आमच्या गावात आणावी.

तोवर थेंब बंद करू नका. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात कमी उतरतं. चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळ्याचा दाब तपासून घ्यावा. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही.