नजरकैदेचा बंदोबस्त

रत्नागिरीला बंदिवानांचे नवल नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रज सरकारने १८८६ साली येथे आणून ठेवले, आणि १९१६ साली त्याचा देह येथेच पडेपर्यंत त्याच्या तनख्याचा आणि हालचालींचा बंदोबस्त सरकारी दप्तरात चालू राहिला. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांनाही याच जिल्ह्याच्या हद्दीत स्थानबद्ध करण्यात आले. अशा गावात राहणाऱ्या गृहस्थाने नातीच्या हट्टाखातर बजरीगरांची एक जोडी विकत आणावी, आणि पिंजऱ्याची कडी लावताना आपण कोणत्या खात्यात रुजू होत आहो याची जाणीव त्याला होऊ नये, हे शक्य नव्हते.

शेजारच्या काकू पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "सोडून द्या हो त्यांना, पुण्य पदरात पडेल." त्यावर माजघरातून उत्तर गेले, "पुण्य आमच्या पदरात नि पाखरे कावळ्याच्या पोटात!" उत्तर कठोर होते, पण खरे होते. दुकानदार यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतो. त्या नावाचे खरे पक्षी आफ्रिकेतले, आणि हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले, थव्याने हिंडणारे, रानात हिरव्या रंगाचे. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली ते जिवंत इंग्लंडात नेले, आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच उपजलेल्या या वंशात माणसाने निळे, पांढरे, पिवळे रंग आपल्या हौसेने जोपासले. आमची मादी निळी आहे. तिला माड, घार आणि आषाढातला वारा यांच्या हवाली करणे ही सुटका नव्हे. आमच्या आजीच्या ओसरीवर विठूनाम घेणारा राघू होता; आज देशी राघू पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरते आणि परदेशी कुळाच्या या पाखराला पिंजऱ्यात ठेवण्याची मुभा राहते. तेव्हा सुटकेचा हुकूम माझ्या हाती नाही. कैद कोणत्या रीतीने चालवावी, एवढाच अधिकार माझ्याकडे आहे.

तो अधिकार प्रथम जागेच्या बाबतीत वापरावा लागतो. थिबाला टेकडीवरच्या प्रशस्त राजवाड्यात राहावयास जाण्यास १९१० साल उजाडले, म्हणजे चोवीस वर्षे लागली. पाखराला ऐसपैस पिंजरा पहिल्या दिवशीच मिळाला पाहिजे, आणि तो उंचीपेक्षा लांबीला अधिक हवा, कारण हा पक्षी आडवा उडतो. एक बाजू भिंतीला टेकलेली असावी, म्हणजे पाठीमागून कोणी येत नाही एवढी तरी खात्री त्याला वाटते. बसावयास गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरूच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या घालाव्या. स्वयंपाकघर मात्र वर्ज्य. तिथला धूर, आणि विशेषतः नॉनस्टिक तवा फार तापला म्हणजे निघणारी वाफ, या चिमुकल्या फुप्फुसांना प्राणघातक असते.

यानंतरचे काम सर्वांत अवघड, म्हणजे काहीच न करण्याचे. नव्या घरात आलेले पाखरू पिसे अंगाशी घट्ट आवळून, सडपातळ होऊन, एका जागी थिजल्यासारखे बसते, माणूस समोर असेतो दाण्याला शिवत नाही, आणि पाहावयास आलेली आळीतली मुले जितकी शीळ घालतात तितके ते अधिक आकसते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, दोन्ही डोळे रोखून समोरून पाहणारा प्राणी त्याच्या लेखी शिकारी, आणि वरून खाली येणारा हात म्हणजे घार. ही समजूत त्याच्या रक्तातली आहे, आपल्या गोड बोलण्याने ती पुसली जात नाही. म्हणून पिंजऱ्याजवळ तिरपे बसावे, वर्तमानपत्र हलक्या आवाजात वाचावे, आणि भीती कधी सैलावते याची खूण ओळखावी: पिसे फुलवून अंग झाडणे, चोचीने पंख विंचरणे, एक पाय पोटाशी घेऊन डुलकी काढणे, आणि झोपण्यापूर्वी चोचीची बारीक करकर. ही करकर मी प्रथम ऐकली तेव्हा मला एखादा अर्ज मंजूर झाल्याचा आनंद झाला.

मग हात आत जातो, तोही छातीच्या खालच्या पातळीवरून, राळ्याचे कणीस घेऊन, आणि आत जाऊन निश्चल राहतो. दाणे तोडावे, उपाशी पाखरू लवकर वश होते, असा सल्ला एका अनुभवी गृहस्थांनी मला दिला. सल्ला परिणामकारक असेल. पण तनखा अडवून माणूस वाकविण्याची ही जुनी सरकारी युक्ती आमच्या ओटीवर चालू द्यावयाची नाही, असे मी ठरविले. ताटली भरलेलीच असते. कणीस हे त्यावरचे अगत्य.

एका बाबतीत मात्र रत्नागिरीकर पाखरू भाग्यवान. चोच झिजविण्यासाठी आणि चुन्याच्या पुरवठ्यासाठी दुकानात विकत मिळणारा समुद्रफेन म्हणजे माकुलाच्या पाठीतले पांढरे हाड. ते भाट्याच्या वाळूत फुकट सापडते, खारटपणा जाईपर्यंत भिजवून वाळविले की झाले. पावसाळा मात्र परका. त्यांच्या मूळ देशी पाऊस क्वचित येतो, त्यामागून गवताला दाणा धरतो आणि थवे अंडी घालू लागतात. येथे मृगापासून चार महिने धार लागते आणि डब्यातल्या राळ्याला बुरशी येते. दाणा थोडाथोडाच आणावा, उघडीप मिळताच उन्हात घालावा. तरीही कौलांवर सर वाजू लागली की आमचा हिरवा नर मोठ्याने बडबडू लागतो, आणि ओल्या कोथिंबिरीत अंग घोळून न्हाऊन घेतो.

हा नर आता बोटावर येतो. पोटाखाली, पायांच्या किंचित वर, बोट हलके टेकले की दोन बोटे पुढे आणि दोन मागे अशी पकड घालून चढतो. निळी कणीस दुरून ओढून घेते आणि बोट पुढे केले की चोच मारते. नात विचारते, "आजोबा, ही कधी येणार?"

"तिची मर्जी होईल तेव्हा."

"आणि मर्जी झालीच नाही तर?"

"तरी राळा मिळेलच."